ऑनलाइन नाव स्वतःच्या हातात कसं ठेवायचं, डोमेनपासून चावीपर्यंत सगळं

माझ्या मावसबहिणीचं घरगुती मसाल्यांचं पेज होतं, सहा वर्षं जीव लावून चालवलेलं. एका सकाळी उघडायला गेली तर अकाउंट बंद. नियमभंग झालाय एवढंच लिहिलेलं, कुठला नियम ते नाही. अपील केलं तर तासाभरात छापील उत्तर आलं आणि विषय संपला. गिऱ्हाइकांचे पत्ते त्या मेसेजमध्ये, फोटो तिथे, दिवाळीच्या ऑर्डरी पण तिथेच, आणि लोकांना ती ज्या नावाने माहिती होती ते नावही तिथेच राहिलं. तिला परत उभं करता करता मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय, कारण मराठीत हे एका जागी सापडत नाही आणि सापडलं तर लगेच क्रिप्टोवर जातं.

हे तिच्या एकटीच्या बाबतीत झालं असंही नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यात टिकटॉक होतं, आणि गावोगावच्या पोरापोरींनी कमावलेले फॉलोअर्स एका रात्रीत गेले. कू मराठीत पण चालायचं, ते जुलै २०२४ मध्ये आटोपलं. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं, पण लोकांचं नाव मात्र ॲपसोबतच गेलं, कारण ते ॲपचंच होतं.

विकेंद्रित ओळख म्हणजे काय तर तीन गोष्टी वेगळ्या करायच्या: तुमचं नाव, ते नाव तुमचंच आहे हे सिद्ध करणारी चावी, आणि तुमचा मजकूर जिथे ठेवलाय ती जागा. नेहमीच्या अकाउंटमध्ये हे तिन्ही एका कंपनीकडे असतं. वेगळं केलं की जागा बदलली तरी नाव राहतं. चावी म्हणजे खरं तर जोडी असते, एक खाजगी आणि एक सार्वजनिक. खाजगी चावीने सही करायची, ती फक्त तुम्हालाच जमते, आणि सार्वजनिक चावीने ती सही कुणीही तपासू शकतं, कुठल्या ऑफिसला विचारायला लागत नाही. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी एक वही काढा

कंप्युटरला हात लावायच्या आधी वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे तुमची सगळी अकाउंट, बँक, पीएफ, लाइट बिल, सोशल मीडिया, सगळी, आणि उजवीकडे पासवर्ड विसरलात तर रिसेटची लिंक किंवा ओटीपी कुठे येतो ते. बहुतेकांचा उजवा रकाना दोनच गोष्टींनी भरतो, एक जीमेल आणि एक मोबाइल नंबर. तुमची खरी ऑनलाइन ओळख आज त्या दोन गोष्टींवर लटकलेली आहे.

त्यातला मोबाइल नंबर सगळ्यात कच्चा. बंद पडलेला नंबर कमीत कमी ९० दिवस बाजूला ठेवतात आणि मग तो दुसऱ्या कुणालाही देता येतो, म्हणजे परदेशी गेलेल्या मुलाने इथलं सिम रिचार्ज करायचं सोडलं तर काही महिन्यांनी त्याचे ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर. सिम बदलून फसवणूक होते म्हणून ट्रायने (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) १ जुलै २०२४ पासून नियम केला की सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येणार नाही, तो चांगलाच आहे पण त्याने नंबर तुमच्या मालकीचा होत नाही. जिथे जिथे ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने चालणारी चावी) चालते तिथे आधी ते करून घ्या. बऱ्याच बँका आपल्याकडे एसएमएस सोडत नाहीत, तिथे इलाज नाही.

डोमेन घ्या, आणि नीट घ्या

या सगळ्याचा पाया म्हणजे स्वतःचं डोमेन, म्हणजे डॉट कॉम किंवा डॉट इन लागलेलं इंटरनेटवरचं तुमचं नाव, ज्यावर वेबसाइट आणि ईमेल दोन्ही चालतात. ब्लॉकचेन नाही, डोमेन. डीएनएस, म्हणजे कुठलं नाव कुठे न्यायचं ते सांगणारी इंटरनेटची नोंदवही, १९८३ पासून आहे, जगभर चालतं, आणि एका दुकानदाराकडून दुसऱ्याकडे नाव हलवायची सोय त्यात आहे. खरं सांगायचं तर डोमेनही कायमचं विकत मिळत नाही, वर्षाच्या पट्ट्यावर मिळतं, पण पट्टा तुमच्या नावावर असतो आणि भरत राहिलात तर सहजासहजी कुणी काढून घेत नाही.

नाव निवडताना एकच परीक्षा घ्या: फोनवरून आत्याला सांगा आणि तिला लिहायला लावा. आपल्या नावांचं रोमन स्पेलिंग हा मोठा घोळ आहे, एक ई की दोन, व्ही की डब्ल्यू, श ला एच लावायचा की नाही. आत्याने पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलं तर ते नाव घ्या. आडनाव फार कॉमन असेल तर गावाचं नाव जोडा, आपली निम्मी आडनावं कर लावून गावावरूनच आलीत त्यामुळे ते परकं वाटत नाही.

डॉट भारत हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ पासून मिळतं, त्यात मराठी चालतं आणि मला ते मनापासून आवडतं. पण आत्ताच्या घडीला ते एकटं घेऊ नका. डीएनएसच्या आत देवनागरी नाव एका रोमन कोडमध्ये बदलतं, एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारा, आणि ब्लूस्कायसारख्या सोशल मीडियावर लोकांना तुमच्या नावाऐवजी तो कोडच दिसतो. ईमेलला तर अजून बऱ्याच वेबसाइटचे फॉर्म तो पत्ता अवैध म्हणून नाकारतात. म्हणून कामाचं डोमेन रोमन घ्या, डॉट इन किंवा डॉट कॉम, आणि ऐपत असेल तर देवनागरीही घेऊन रोमनवर वळवून ठेवा.

खर्च साधारण वर्षाला हजार रुपयांच्या आसपास धरा. पहिल्या वर्षी नव्याण्णव रुपये दाखवतात त्याला भुलू नका, रिन्यूअलचा आकडा बघा, तोच खरा भाव.

आता डोमेन घेतल्यावर लगेच करायच्या गोष्टी. इथे घाई करू नका, लोकांचं नुकसान होतं ते इथेच:

- रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या दुकानदाराच्या, लॉगिनला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडलं तर ईमेल बंद, आणि ईमेल बंद तर डोमेन चालू करायला लॉगिनच होत नाही. तिथे वेगळा, बाहेरचा ईमेल द्या.
- नोंदणी तुमच्या स्वतःच्या नावावर झालीय का बघा. वेबसाइट बनवून देणारा मुलगा स्वतःच्या अकाउंटमधून डोमेन घेतो आणि मग तो फोन उचलेनासा होतो, हे मी तीन जणांच्या बाबतीत पाहिलंय.
- ट्रान्सफर लॉक, म्हणजे डोमेन दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप, चालू ठेवा आणि दोन टप्प्यांचं लॉगिन ऑथेंटिकेटर ॲपवर लावा.
- ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कार्ड कापण्याचे नियम कडक झाले, त्यामुळे परदेशी रजिस्ट्रारचं ऑटो-रिन्यू आपल्या कार्डावर बरेचदा फेल जातं आणि त्याची मेल स्पॅममध्ये पडून राहते. शक्य असेल तर एकदम काही वर्षांचे भरा, दहा वर्षांपर्यंत भरता येतात.

मुदत संपल्यावर थोडे दिवस नेहमीच्या दरात परत मिळतं, मग डॉट कॉमसारख्या डोमेनना ३० दिवसांची एक शेवटची मुदत असते, त्यात सोडवायला दंड बराच बसतो, आणि त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं. ज्याने घेतलं त्याला तुमच्या जुन्या पत्त्यावर येणारी प्रत्येक मेल मिळणार, पासवर्ड रिसेटच्या सुद्धा. म्हणून पुढचं वाचायच्या आधी मनाशी ठरवा, हे डोमेन मी आयुष्यभर भरणार आहे का. नसेल तर बँकेला त्यावरचा ईमेल कधीही देऊ नका.

ईमेल

स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा मोह टाळा, तुमच्या मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातील आणि रात्रीची झोप जाईल. कुठल्याही चांगल्या मेल सेवेकडे डोमेन जोडा. ते तुम्हाला काही रेकॉर्ड देतात, एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, ते रजिस्ट्रारच्या डीएनएस पानावर जसेच्या तसे चिकटवायचे. एमएक्स म्हणजे माझी टपाल कुठे पोचवायची, बाकीचे तिघे म्हणजे माझ्या नावाने पाठवलेली मेल खरी की खोटी ते कसं तपासायचं. उद्या ती सेवा महाग झाली तर एमएक्स बदलायचा आणि दुसरीकडे जायचं, पत्ता तोच. जुन्या मेल मात्र आधी उतरवून घ्या, त्या आपोआप येत नाहीत.

एक साधं पान

डोमेनवर एकच पान टाका. तुमचं नाव, दोन ओळी माहिती, आणि तुम्ही कुठे कुठे आहात त्याच्या लिंका. फुकट होस्टिंग पुष्कळ आहे, थोडं एचटीएमएल येणारा कुणीही भाचा-पुतण्या तासाभरात करून देईल. मावसबहिणीच्या पानावर तीन मसाल्यांचे फोटो आणि ऑर्डरचा पत्ता आहे, बस. आता तिचं कुठलंही अकाउंट गेलं तरी लोकांना नवीन अकाउंट सापडायची जागा ठरलेली आहे. पाकिटावर पण हाच पत्ता छापलाय, ॲपचं नाव नाही.

मॅस्टोडॉनची हिरवी खूण

मॅस्टोडॉन हा ट्विटरसारखाच पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरवरचा सोशल मीडिया, २०१६ चा, आणि ते सर्व्हर ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात ते ॲक्टिव्हिटीपब २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, अधिकृत मानक झालं. तिथे निळी टिक विकत घ्यायची नसते. प्रोफाइल एडिटमध्ये व्हेरिफिकेशनचा टॅब आहे, तिथे तयार कोडची एक ओळ मिळते, ती कॉपी करून आपल्या पानावर टाका, मग प्रोफाइलच्या जादा माहितीच्या चौकटीत आपल्या पानाचा पत्ता टाकून सेव्ह करा. मॅस्टोडॉनचा सर्व्हर तुमचं पान उघडून बघतो, परत आपल्याकडे बोट दाखवणारी लिंक सापडली की पत्ता हिरवा होतो. आधी कोड पानावर टाका आणि मगच प्रोफाइल सेव्ह करा, उलटं केलंत तर परत सेव्ह करावं लागतं.

सर्व्हर बदलायचा झाला तर नवीन अकाउंटमध्ये आधी जुन्याचं उपनाव नोंदवा, मग जुन्यातून मूव्ह करा. फॉलोअर्स येतात पण पोस्ट येत नाहीत, हे त्याचं खरं दुखणं आहे.

ब्लूस्कायवर डोमेन हेच नाव

हे मला सगळ्यात जास्त आवडतं कारण इथे डोमेन नुसतं जोडलेलं नसतं, तेच तुमचं हँडल, म्हणजे ॲटच्या चिन्हापुढचं नाव, होतं. ब्लूस्काय २०१९ मध्ये ट्विटरच्या आत सुरू झालेला प्रकल्प, नंतर वेगळी कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळ्यांना खुला झाला. आत प्रत्येक अकाउंटला एक डीआयडी असतो. डीआयडी म्हणजे विकेंद्रित ओळखक्रमांक, डीआयडी कोलन पीएलसी कोलन आणि पुढे २४ अक्षरं-आकडे. हा क्रमांक कधी बदलत नाही, हँडल ही त्यावर लावलेली पाटी आहे.

करायचं असं. सेटिंग्ज, अकाउंट, हँडल, आणि तिथे माझं स्वतःचं डोमेन आहे असा पर्याय. डोमेन टाकलंत की तो एक होस्ट आणि एक व्हॅल्यू दाखवतो. रजिस्ट्रारच्या डीएनएस पानावर जाऊन नवीन टीएक्सटी रेकॉर्ड (साध्या मजकुराची नोंद) करा. होस्टच्या जागी अंडरस्कोर आणि एटीप्रोटो एवढंच, पुढे डोमेन लिहू नका, कारण बहुतेक पॅनल ते स्वतःच जोडतात आणि मग डोमेन दोनदा लागतं, दहातल्या आठ जणांचं गाडं इथेच अडतं. व्हॅल्यूच्या जागी डीआयडी, बरोबरचं चिन्ह आणि पूर्ण क्रमांक, कॉपी-पेस्टच करा, हाताने टाइप करू नका. सेव्ह करून थोडा वेळ थांबा, कधी पाच मिनिटं लागतात कधी काही तास, आणि मग व्हेरिफाय दाबा.

कुटुंबासाठी वेगळी डोमेन घ्यायची गरज नाही. एकाच डोमेनखाली आई, दादा, ताई अशी सबडोमेन करून प्रत्येकाला हँडल देता येतं, पतसंस्था किंवा वाचनालय असेल तर तिथल्या माणसांनाही.

आता पाटी तुमची झाली पण चावी अजून तुमची नाही, हे कुणी फारसं सांगत नाही. डीआयडीवर सही करणाऱ्या चाव्या सुरुवातीला ब्लूस्कायच्याच सर्व्हरकडे असतात. त्यात तुमची स्वतःची एक रिकव्हरी चावी वरच्या क्रमांकाला घालता येते, त्यासाठी गोट नावाचं कमांड लाइनचं (बटणांऐवजी टाइप करून हुकूम द्यायचं) टूल आहे आणि ईमेलवर एक कोड येतो. फायदा असा की सर्व्हरने किंवा चोराने तुमच्या ओळखीत काही बदल केला तर वरच्या क्रमांकाच्या चावीने ७२ तासांच्या आत तो उलटवता येतो. कमांड लाइनची भीती वाटत असेल तर जाणकार माणसाला शेजारी बसवून करा, पण चावी मात्र स्वतःच्याच मशीनवर तयार करा, त्याच्या नाही.

सेटिंग्जमधून आपला सगळा डेटा पण उतरवता येतो, त्यात पोस्ट आणि लाइक येतात, फोटो येत नाहीत, ते वेगळे जपा.

अजून एक, ही डीआयडीची नोंदवही सार्वजनिक आहे, म्हणजे तुम्ही आधी कुठली हँडल वापरलीत ते पण तिथे दिसत राहतं. ज्या बाईला नोकरीच्या नावाशी न जुळणारी दुसरी ओळख ठेवायचीय, ज्याला घरच्यांपासून लपून लिहायचंय, त्यांनी एकाच अकाउंटवर हँडल बदलून भागवू नये. वेगळं अकाउंट, वेगळा ईमेल, आणि डोमेन घ्यायचंच असेल तर नाव झाकायची सोय असलेलं वेगळं डोमेन. सगळं एकमेकांना जोडणं हे दुकान चालवणाऱ्यासाठी वरदान आणि लपून जगावं लागणाऱ्यासाठी धोका आहे, कुणीही तुम्हाला जोडाच असा आग्रह करू नये.

नॉस्टर, फक्त समजून उमजून

नॉस्टर हाही विकेंद्रित सोशल मीडियाच, पण २०२० मध्ये सुरू झालेल्या या नॉस्टरमध्ये अकाउंटच नाही, फक्त चाव्यांची जोडी. एनपब ही सार्वजनिक, सगळ्यांना द्यायची, एनसेक ही खाजगी, कुणालाच नाही. डोमेनवर डॉट वेल-नोन नावाच्या फोल्डरमध्ये एक छोटी जेसन (ठराविक मांडणीची मजकुराची) फाइल ठेवली की डोमेनचं नाव चावीला जोडलं जातं, त्या फाइलमध्ये चावी एनपब रूपात नाही तर हेक्स रूपात (फक्त ० ते ९ आणि ए ते एफ) लिहायची असते. पण एनसेक हरवली तर ओळख गेली, आणि कुणाच्या हाती लागली तर ती बदलताही येत नाही. पहिल्यांदा शिकताय तर इथून सुरुवात करू नका.

डॉट ईथ वगैरे

इथेरियम या क्रिप्टोच्या ब्लॉकचेनवरची, म्हणजे अनेक कंप्युटरवर मिळून ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवरची, डॉट ईथ नावं २०१७ पासून मिळतात, पाच किंवा जास्त अक्षरांना वर्षाला पाच डॉलर अधिक व्यवहाराची फी. क्रिप्टो वापरत असाल तर ठीक, नसाल तर गरज नाही, सरळ ईमेल त्यावर चालत नाही आणि साध्या ब्राउझरमध्ये ते आपोआप उघडतही नाही. कुणी ब्लॉकचेन आयडी देतो म्हणून आधार कार्डाचा फोटो मागत असेल तर तिथून उठा. साखळीवर गेलेलं पुसता येत नाही, आणि २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्याने दिलेला माहिती पुसून घ्यायचा हक्क तिथे कागदावरच राहतो. आधार कुठे द्यावंच लागलं तर मास्क केलेलं द्या, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं.

सरकारी कागदपत्रांच्या बाबतीत हे तंत्र कुठे चाललंय ते बघायचं तर भूतानकडे बघा. त्यांनी २०२३ मध्ये राष्ट्रीय डिजिटल ओळख याच धर्तीवर सुरू केली, प्रमाणपत्रं नागरिकाच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये आणि दाखवायचं तेवढंच दाखवायचं. डीआयडीचं मानक जुलै २०२२ मध्ये आलं, त्याआधी गूगल, ॲपल आणि मोझिलाने रीतसर आक्षेप घेतले होते. आपल्याकडचं डिजीलॉकर सोयीचं आहे, मी रोज वापरते, पण ते विकेंद्रित नाही, त्याला त्यात मोजू नका.

चाव्या ठेवायच्या कुठे

पासवर्ड मॅनेजर एक घ्या आणि सगळं त्यात ठेवा. त्याचा मुख्य पासवर्ड, रजिस्ट्रारचे रिकव्हरी कोड, ब्लूस्कायची रिकव्हरी चावी, आणि असेल तर एनसेक किंवा क्रिप्टो वॉलेट परत मिळवायचे बारा शब्द, हे कागदावर. बॉलपेनने लिहा, जेल पेनची शाई आपल्या पावसाळ्यात पसरते, आणि कोकणात तर कपाटातला कागद पण ओला होतो, म्हणून झिपच्या पिशवीत घालून ठेवा. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. फोनने फोटो काढू नका, तो आपोआप क्लाउडवर चढतो. स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवणं तर नकोच. आणि बारा शब्द किंवा एनसेक कुठलाही कस्टमर केअरवाला मागत नाही, मागितली तर तो चोर.

इथे पासवर्ड विसरलात असं बटण नाही हे घरच्यांनाही सांगा. माझ्या दोन्ही प्रतींपैकी एक आईच्या कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली आहे. त्या पाकिटावर लिहिलंय की डोमेन कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे, कुठल्या महिन्यात पैसे भरायचे, आणि माझं काही झालं तर निदान दोन वर्षं भरत राहा, कारण माझ्या नावावरच्या मेल थांबायला तेवढा वेळ लागेल. बँकेत नॉमिनी लावतो तसंच आहे हे.

एका रविवारी सगळं होणार नाही. पहिल्या रविवारी वही आणि डोमेन, दुसऱ्या रविवारी ईमेल आणि पान, तिसऱ्या रविवारी मॅस्टोडॉन-ब्लूस्काय आणि पाकीट. मग ईमेलचे पत्ते एकेक करून बदलत जायचे, आठवड्याला तीन-चार, आणि वहीत खूण करायची. मावसबहिणीला सगळं बदलायला पाच महिने लागले, शेवटी राहिलं होतं गॅसचं कनेक्शन.

आणि दरवर्षी एक दिवस ठरवा, आम्ही दसरा धरलाय. त्या दिवशी रजिस्ट्रारला लॉगिन होतंय का, कार्डाची मुदत संपली नाही ना, रिकव्हरी कोडवाला कागद वाचता येतोय का, आणि पाकिटातून वाचून दुसऱ्या कंप्युटरवर खरंच आत जाता येतंय का ते करून बघा. गेल्या दसऱ्याला आईच्या कपाटातल्या प्रतीवर एक अक्षर पुसट निघालं, एस की पाच कळेना, तेव्हाच नवीन कागद लिहिला आणि जुना जाळला.